सॉफ्टवेअर फुल घ्यायचं की अपग्रेड? आधी कपाटातलं जुनं बिल शोधा

नौपाड्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असलं सगळं, आणि दुकानात चार कॉम्प्युटर आहेत म्हणून अख्ख्या खानदानात मी "कॉम्प्युटरवाली". त्यामुळे कोणालाही सॉफ्टवेअर घ्यायचं असलं की पहिला फोन मला, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच, "ताई, ते अपग्रेडवालं निम्म्या किमतीत मिळतंय, तेच घेऊन टाकू ना?" मी दरवेळी उलट विचारते, जुन्याचं बिल आहे का रे? की पलीकडे शांतता. मग "बघतो, असेल कुठेतरी". म्हणजे नाहीये.

तर आता एकदा लिहूनच टाकते म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

ठाण्यातल्या माणसाला हे समजवायला सगळ्यात सोपं म्हणजे रिडेव्हलपमेंट. जुन्या बिल्डिंगमध्ये तुमचा फ्लॅट आहे, कागद तुमच्या नावावर आहेत, म्हणून बिल्डर तुम्हाला नवीन टॉवरमध्ये जागा देतो आणि वाढीव जागेचे तेवढे पैसे घेतो. बाहेरून येणारा माणूस तोच फ्लॅट पूर्ण भावाने घेतो. अपग्रेड लायसन्स म्हणजे ते वाढीव जागेचे पैसे आणि फुल लायसन्स म्हणजे बाहेरच्याचा भाव. आता यात दोन गोष्टी आपोआप आल्या. पहिली, जुना फ्लॅट तुमच्या नावावर नसेल, तुम्ही तिथे नुसते राहत होतात, तर त्या रेटने काही मिळत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची आणि लोक हीच विसरतात, नवीन फ्लॅटचा ताबा घेतलात की जुना तुमचा राहिला नाही, तो भाड्याने देता येत नाही, मेव्हण्याला राहायला देता येत नाही. सॉफ्टवेअरचं पण तसंच. जुन्यावर अपग्रेड घेतलं की जुनं आणि नवीन मिळून लायसन्स एकच. जुनं दुसऱ्या मशीनवर टाकून भाच्याला दिलं तर ते पायरेटेडच झालं, भले त्याची सीडी ओरिजिनल असो.

मला हे आधीपासून माहीत होतं असं समजू नका. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ऑफर काढली होती, प्रो व्हर्जनचं अपग्रेड डाऊनलोड १,९९९ रुपयांत, ३१ जानेवारी २०१३ पर्यंत. मी तेव्हाच दुकानासाठी एक पीसी असेंबल करून घेतला होता, पार्ट लॅमिंग्टन रोडवरनं, आणि त्याच्यावर विंडोज नव्हतंच, म्हणजे होतं पण ते असेंबल करणाऱ्याने असंच "टाकून दिलेलं", कळलं ना कसं ते. म्हटलं दोन हजारात ओरिजिनल होतंय तर घेऊन टाकू. घेतलं, हार्ड डिस्क पुसून कोरी केली, छान स्वच्छ इन्स्टॉल केलं आणि अॅक्टिव्हेट करायला गेले तर मेसेज, ही की (म्हणजे लायसन्सचा तो लांबलचक नंबर) फक्त अपग्रेडसाठी आहे, नवीन इन्स्टॉलसाठी नाही. चूक पूर्ण माझी, ऑफरमध्ये अपग्रेड असं स्वच्छ लिहिलेलं, मी किंमत वाचली आणि पुढचं वाचलंच नाही. मग रात्री एकपर्यंत नेटवर जुगाड शोधत बसले, दोनदा इन्स्टॉल करा, अमुक सेटिंग बदला वगैरे, आणि जुगाड सापडतात सुद्धा. पण तेव्हाच डोक्यात बसलं की अॅक्टिव्हेट होणं वेगळं आणि लायसन्स असणं वेगळं. कुलूप उघडलं म्हणजे घर तुमचं झालं असं नाही ना.

आधी कपाट उघडा

म्हणून किंमत बघायच्या आधी घरातलं नाहीतर ऑफिसातलं कपाट उघडायचं आणि जुन्या सॉफ्टवेअरचा पुरावा गोळा करायचा. पुरावा म्हणजे काय, तर बिल, खोका असेल तर खोका, त्यावरची की, डोंगल (पेनड्राईव्हसारखं असतं, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), आणि हल्लीचं असेल तर ज्या मेल आयडीवर ते रजिस्टर केलंय तो आयडी आणि त्याचा पासवर्ड. यातलं निदान बिल आणि की तरी पाहिजेच. पूर्वी पुरावा मशीनच मागायचं, विंडोज एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या मशीनवर टाकली की मध्येच थांबून जुनी ९८ नाहीतर २००० ची सीडी घाला म्हणायची. २००७ ला विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा ते बंद झालं आणि जुनं विंडोज मशीनवर चालू असलं पाहिजे, त्याच्या आतूनच सेटअप सुरू करायचा असा नियम झाला. आता बहुतेक ठिकाणी कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटमध्ये जुनी की आहे का तेवढंच बघतात. म्हणजे कागदापेक्षा मेल आयडीला जास्त किंमत आलीय.

आणि इथेच ठाण्याच्या निम्म्या छोट्या ऑफिसची गोची आहे. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा जो पोरगा कॉम्प्युटर बघायचा त्याने स्वतःच्याच मेलवर रजिस्टर केलेलं असतं, तो पोरगा चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, आता त्याचा नंबर पण लागत नाही. सॉफ्टवेअर चालतंय, बिल आहे, तरी अपग्रेड मिळत नाही कारण अकाउंट त्याचं. अशा वेळी लगेच फुल घ्यायला धावू नका, बिलाची कॉपी जोडून कंपनीच्या सपोर्टला लिहा, बिलावर फर्मचं नाव असेल तर अकाउंट बदलून मिळायची बऱ्यापैकी आशा असते. वेळ लागतो, चार मेल करावे लागतात, पण पैसे वाचतात.

बिलावरच्या नावाचं अजून एक. बरेच धंदे आधी मालकाच्या नावावर प्रोप्रायटरी असतात आणि मग वाढले की एलएलपी नाहीतर प्रायव्हेट लिमिटेड होतात. आपल्याला वाटतं दुकान तेच, टेबल तेच, माणसं तीच. कायद्याने मात्र ती वेगळी पार्टी झाली. जुनं लायसन्स जुन्या नावावर आहे, अपग्रेड नवीन कंपनीच्या जीएसटी नंबरवर मागताय, तर आधी लायसन्स ट्रान्सफर करून घ्यावं लागतं आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर चालतच नाही. हे आधी विचारा.

स्टुडंट व्हर्जनवर कमर्शियल अपग्रेड सहसा बसत नाही. स्कॅनर, टॅब्लेट असल्या वस्तूंबरोबर जे छोटं व्हर्जन फुकट येतं त्याच्यावर पण बऱ्याचदा नाही. मुलगा कॉलेजला असताना घेतलेलं आहे, त्याच्यावर अपग्रेड करून दुकानात वापरू, हा विचार आमच्या घरात पण झालेला आहे, नाही चालत.

विंडोजचं प्रकरण

विंडोजपुरतं बोलायचं तर फुल की अपग्रेड हा जुना प्रश्न आता तसा उरलाच नाही. विंडोज ८.१ पासून दुकानातला बॉक्स फुलच यायला लागला, २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं ते एक वर्ष जुन्या ७ आणि ८.१ वाल्यांना फुकट, आणि ११ तर ओरिजिनल १० असेल आणि मशीन पात्र असेल तर फुकटच. अडतं ते मशीनवर, टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पाहिजे, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा माझ्याकडे लोक विचारत होते ११ चं लायसन्स कितीला, अरे लायसन्स फुकट आहे, तुझं मशीन जुनं आहे, पैसे मशीनला लागणार.

पण इथे दुसरे दोन प्रश्न आहेत आणि ते कोणी विचारत नाही.

एक म्हणजे ओईएम की रिटेल. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज ओईएम असतं, ते त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेलं, विंडोज ८ नंतर तर की थेट बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते त्यामुळे खाली स्टिकर पण नसतो. लॅपटॉप मेला की ते लायसन्स त्याच्याबरोबर गेलं. रिटेल म्हणजे वेगळे पैसे देऊन घेतलेलं असेल तर जुन्या मशीनवरनं काढून नवीनवर टाकता येतं. ओईएमवर फुकट अपग्रेड मिळालं तरी ते नवीन विंडोज सुद्धा त्याच मशीनचं, अपग्रेड झाल्याने ते रिटेल होत नाही. म्हणजे सतत पीसी बदलणारा, पार्ट बदलणारा माणूस असेल तर त्याने रिटेल फुल घ्यावं, महाग पडलं तरी. आणि पाच वर्षं एकच लॅपटॉप वापरणाऱ्याने लॅपटॉपबरोबर येतं ते घ्यावं आणि गप्प बसावं.

दोन म्हणजे होम की प्रो, म्हणजे विंडोजचं घरगुती व्हर्जन की ऑफिसचं. होमवरनं प्रोवर जायचं अपग्रेड मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून मिळतं. अमेरिकेतल्या किमती बघा म्हणजे गणित कळेल, होम १३९ डॉलर, प्रो १९९ डॉलर, आणि होमवरनं प्रोचं अपग्रेड ९९ डॉलर. कोऱ्या असेंबल पीसीसाठी आधी स्वस्त म्हणून होम घेतलं आणि सहा महिन्यांनी प्रो लागलं तर १३९ अधिक ९९, झाले २३८. सरळ प्रो घेतलं असतं तर १९९ मध्ये काम होतं. उलट लॅपटॉपबरोबर होम आलेलंच आहे, त्याचे पैसे लॅपटॉपमध्येच गेलेत, तिथे अपग्रेडच घ्यायचं, १९९ चं फुल घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. इथल्या रुपयातल्या किमती वेगळ्या असतात पण करायचं गणित तेच. आणि मुळात प्रो लागतं का ते बघा, ऑफिसच्या डोमेनला जोडायचंय, बिटलॉकरने डिस्क लॉक करायचीय, घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर बसायचंय, यातलं काही नसेल तर होम पुरतं.

आता जरा मोठ्या ऑफिसचं. वागळे इस्टेटला माझ्या मैत्रिणीचं ड्रॉइंग ऑफिस आहे, बारा पीसी, सगळे असेंबल केलेले. तिला कोणीतरी सांगितलं की व्हॉल्यूम लायसन्समध्ये (बऱ्याच मशीनसाठी एकगठ्ठा घेतात ते) विंडोज प्रो स्वस्त पडतं, कोटेशन पण आलं, आणि ती खूष. मी म्हटलं कोटेशनची ओळ नीट वाच, त्यात अपग्रेड हा शब्द आहे का? होता. व्हॉल्यूममध्ये डेस्कटॉप विंडोज मिळतं ते अपग्रेडच असतं, फुल नसतंच मुळी. प्रत्येक मशीनवर आधीपासून एक खरं विंडोज पाहिजे आणि ते सुद्धा प्रोच्या जातीचं, होम चालत नाही. तिच्या बारा मशीनवर खालचं विंडोज शून्य. म्हणजे पैसे भरून सुद्धा बाराच्या बारा मशीन लायसन्स नसलेलीच राहिली असती, आणि गंमत म्हणजे सगळी अॅक्टिव्हेट झाली असती, त्यामुळे मायक्रोसॉफ्टकडून लायसन्स तपासणीचं पत्र येईपर्यंत कळलंच नसतं. ही चूक लहान ऑफिसात फार कॉमन आहे. नवीन मशीन घेताना ब्रँडेड, विंडोज प्रोसकट घ्या, असेंबलचे वाचलेले पैसे इथे जातात.

टॅली

माझ्या आत्येभावाचा वाशीला एपीएमसीत मसाला मार्केटमध्ये गाळा आहे. मागे त्याचा फोन, "ताई, टॅलीचा माणूस आलाय, नवीन घ्या म्हणतोय, सव्वीस हजार पाचशे." मी म्हटलं थांब, तुझ्याकडे टॅली आहे ना? "आहे ना, ईआरपी ९, बाबांनी घेतलेलं, पण ते जुनं झालं, आता प्राईम आलंय." बिल? "आहे, अकाउंटवाल्या काकांनी फाईल लावलीय." (असे काका प्रत्येक धंद्यात असावेत.)

तर ज्याच्याकडे ओरिजिनल ईआरपी ९ आहे त्याला टॅलीप्राईम नवीन घ्यायची गरजच नसते. टॅलीचं लायसन्स कायमचं असतं, आणि वरून टीएसएस नावाचं वर्षाचं सबस्क्रिप्शन असतं. नवीन लायसन्सबरोबर एक वर्षाचं टीएसएस येतं, पुढे आपण रिन्यू करायचं. टीएसएस संपलं म्हणून टॅली बंद पडत नाही, आहे ते चालत राहतं, पण नवीन रिलीज घेता येत नाही. टीएसएस चालू असेल तर ईआरपी ९ वरनं प्राईमवर जायला वेगळे पैसे नाहीत. मी शेवटच्या किमती बघितल्या तेव्हा सिल्व्हर म्हणजे एका युजरचं नवीन लायसन्स २२,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०, आणि सिल्व्हरचं टीएसएस रिन्युअल ४,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५,३१०. किमती बदलत राहतात, घ्यायच्या दिवशी साईटवर बघा, पण फरक केवढा आहे ते बघा की. एकवीस हजाराच्या वर. ते पण फक्त "तुमच्याकडे जुनं आहे का" हा प्रश्न विचारल्यामुळे. मी भावाला सांगितलं, सीरियल नंबर दे त्याला आणि म्हण फक्त रिन्युअल कर.

मग पुढच्या वर्षी त्याला दुसरा प्रश्न पडला, आता दोन जण एकाच वेळी एंट्री करतात तर काय? इथे परत तेच फुल आणि अपग्रेड. गोल्ड म्हणजे एकाच ऑफिसच्या नेटवर्कवर अनेक युजर, नवीन घेतलं तर ६७,५०० अधिक जीएसटी, ७९,६५०. पण सिल्व्हर असेल तर फरकाची रक्कम भरून त्याचंच गोल्ड करता येतं. फक्त लक्षात ठेवा की सीरियल नंबर तोच राहतो आणि सिल्व्हर संपतं, ते गोल्ड होतं. त्याच्या डोक्यात होतं की गाळ्यावर गोल्ड बसवू आणि जुनं सिल्व्हर तुर्भ्याच्या गोडाऊनवर नेऊ. अरे तो जुना फ्लॅट गेला ना! गोडाऊनचा हिशोब खरंच वेगळा ठेवायचा असेल तर तिथे दुसरं फुल सिल्व्हर घे. आणि एकाच कंपनीचा डेटा दोघांनी एकाच वेळी उघडायचा असेल तर दोन सिल्व्हर घेऊन भागत नाही, गोल्डच लागतं. म्हणजे आधी ठरवायचं, माणसं एकाच जागी वाढली की जागा वाढल्या. माणसं वाढली तर अपग्रेड, जागा वाढली तर फुल. हा नियम इतर बऱ्याच सॉफ्टवेअरला पण लागू पडतो.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर जुन्या व्हर्जनवर बसून राहायचा पर्याय पण नाही, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल ठेवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, म्हणजे कोणी कधी कुठली एंट्री बदलली याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. सीएला विचारा, तो सांगेलच, न विचारता पण सांगेल.

डिझाईनवाले, आपण

आता माझ्या धंद्याचं. इथे अपग्रेड हा प्रकार जवळजवळ मेलाय आणि मला त्याचं वाईट वाटतं. पूर्वी अडोबीचं (फोटोशॉपवाले) तीन व्हर्जन मागचं असलं तरी अपग्रेड मिळायचं, मग २०१२ ला सीएस६ आलं तेव्हा त्यांनी ते आवळलं, सीएस३ आणि सीएस४ वाल्यांना त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंतच मुभा, पुढे फक्त लगेच मागच्या सीएस५ वाल्यांना. आणि २०१३ च्या मे महिन्यात सांगून टाकलं की यापुढे सगळं क्रिएटिव्ह क्लाउड, महिन्याचे पैसे. ऑटोडेस्कने (ऑटोकॅडवाले) २०१५ च्या सुरुवातीला अपग्रेड विकणं बंद केलं आणि २०१६ मध्ये कायमची नवीन लायसन्स पण बंद केली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं अपग्रेड तर २०१० पासूनच नाही, ऑफिस २०२४ घ्यायचं तर पूर्ण पैसे, तुमच्याकडे २०१९ असो नाहीतर काही नसो.

तरी अजून काही सॉफ्टवेअर आहेत जी फुल आणि अपग्रेड दोन्ही विकतात, छोट्या कंपन्यांची जास्त. तिथे अपग्रेडची किंमत बघण्याआधी एकच ओळ शोधायची, किती मागच्या व्हर्जनपर्यंत अपग्रेड देतात. सगळं गणित त्या ओळीवर आहे. समजा फुल ३०,००० ला, अपग्रेड १२,००० ला आणि दर दोन वर्षांनी नवीन व्हर्जन येतं. दरवेळी अपग्रेड घेत गेलात तर आठ वर्षांत एक फुल आणि चार अपग्रेड, ७८,०००. एकाआड एक घेतलंत तर एक फुल आणि दोन अपग्रेड, ५४,०००. चोवीस हजार वाचले आणि खरं सांगू का, पत्रिका छापायला दर दुसऱ्या व्हर्जनने काही बिघडत नाही. पण कंपनी फक्त लगेच मागच्या व्हर्जनला अपग्रेड देत असेल तर एक व्हर्जन सोडलं की परत फुल, म्हणजे तीन वेळा ३०,०००, गेले ९०,०००. वाचवायला गेलो आणि दरवेळी घेणाऱ्यापेक्षा महाग पडलं. आणि तेच सॉफ्टवेअर महिना १,००० ने भाड्याने घेतलं तर आठ वर्षांचे ९६,००० आणि शेवटी हातात काही नाही. मात्र दोन वर्षांपुरतंच एखादं काम आहे तर भाड्याचे २४,००० झाले, तिथे भाडंच बरं. कागद पेन घेऊन किती वर्षं वापरणार ते आधी लिहा, मग किंमत.

अजून एक, आणि हे आमच्या लाईनमधल्यांनी नीट वाचा. जुन्या मराठी फॉन्टच्या फाईली, युनिकोडच्या आधीच्या, त्या ज्या व्हर्जनमध्ये बनल्या त्याच्यातच धड उघडतात. माझ्याकडे अजून एक जुनं मशीन आहे, जुनं विंडोज, डोंगल लावलेलं, आणि दर दिवाळीत कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वीची पत्रिका घेऊन येतंच, "तशीच करा, फक्त नावं बदला." त्या मशीनवरचं सॉफ्टवेअर मी कधीच अपग्रेड करत नाही. अपग्रेड घेतलं तर नियमाने ते जुनं बंद करावं लागेल, काही ठिकाणी जुनं डोंगल परत द्यावं लागतं, आणि मग त्या फाईलींचं काय? जुनं चालू ठेवायचंच असेल तर नवीन मशीनला फुल घ्यायचं, जास्त पैसे गेले तरी. जुना प्लॉटर, जुनं कटिंग मशीन ज्यांचं एकाच व्हर्जनशी जमतं त्यांना पण हेच.

अँटिव्हायरसचं पटकन सांगते कारण त्यात फार काही नाही. तिथे अपग्रेडला रिन्युअल म्हणतात, ते नव्या पॅकपेक्षा सहसा स्वस्त असतं, पण ज्या प्रॉडक्टची जुनी की आहे बहुतेक वेळा त्याच प्रॉडक्टचं घ्यावं लागतं. संपायच्या आधी करा. आणि कधीकधी ऑनलाईन सेलमध्ये नवीन पॅकच रिन्युअलपेक्षा स्वस्त असतो, तेव्हा नवीन घ्या.

पाचशे रुपयांची की

हा प्रश्न येणारच म्हणून. ऑनलाईन चारशे-पाचशेला विंडोज नाहीतर ऑफिसची "लाईफटाईम" की मिळते, अॅक्टिव्हेट पण होते, मग एवढं सगळं कशाला? त्या बऱ्याचशा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूमच्या की असतात, एकच की शेकड्याने विकलेली, नाहीतर भंगारात गेलेल्या मशीनच्या. कधीतरी ब्लॉक होते आणि विकणारा गायब. पण मुख्य म्हणजे त्याच्यावर पुढे अपग्रेड मागायला गेलात तर दाखवायला काय आहे, व्हॉट्सअॅपवरचा एक फोटो? आणि धंद्यात वापरत असाल तर कॉपीराईट कायद्याचं कलम ६३बी आहे, बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घाबरवत नाहीये, पण "आम्हाला माहीतच नव्हतं" हे पाचशेच्या कीला म्हणणं जरा कठीण जातं.

धंद्यासाठी घेताना जीएसटी नंबर टाकूनच बिल मागा, भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, आणि इन्कम टॅक्समध्ये सॉफ्टवेअरवर कॉम्प्युटरसारखाच ४० टक्के घसारा मिळतो. हे धरलं की फुल आणि अपग्रेडमधला फरक वाटतो तेवढा उरत नाही, म्हणून जिथे मन खरंच दोन्हीकडे आहे तिथे मी फुलकडे झुकते, निदान पाच वर्षांपूर्वीच्या बिलाच्या मागे लागायला नको.

डीलरकडे गेलात की तीन गोष्टी तोंडी विचारू नका, कोटेशनवर लिहून घ्या. हे फुल आहे की अपग्रेड, अपग्रेड असेल तर कुठल्या व्हर्जनपासून, आणि मशीन बदललं तर दुसऱ्यावर नेता येतं का. लिहून द्यायला टाळाटाळ करतोय म्हणजे त्यालाच माहीत नाही, मग रिटर्न काय डोंबल मिळणार. एकदा सील फोडलं किंवा की वापरली की कोणी परत घेत नाही.

आणि घेतल्यावर जे मी आता करते ते करा. फर्मच्या नावाने एक वेगळा मेल आयडी काढा जो फक्त सॉफ्टवेअर रजिस्टर करायला वापरायचा, पासवर्ड मालकाकडे आणि अकाउंटवाल्या काकांकडे. डोंगलवर आणि लॅपटॉपवर मार्करने घेतल्याची तारीख लिहा. अपग्रेड घेतलंत तर त्याच्या बिलाला जुन्या फुलचं बिल टाचणीने जोडून ठेवा, कारण अपग्रेडचं बिल एकटं असेल तर त्याला अर्थ नाही, पुढच्या अपग्रेडला पहिल्यापासूनची साखळी मागू शकतात. बिल थर्मल पेपरवरचं असेल, ते गुळगुळीत पांढरं, तर आजच त्याची झेरॉक्स काढा नाहीतर फोटो काढून त्या मेल आयडीवर पाठवा, माझ्याकडे २०१४ चं एक आहे, दुकानाचं नाव जेमतेम दिसतं आणि बाकी कागद कोरा.